मोरीला बेंबी असते

लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला काय हवं, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, “मुशी.” त्याला वाटलं, कालवण. तो नागपूरचा. तीस वर्षांत काटे काढून बांगडा खायला शिकला, पण समुद्र म्हटलं की अजून त्याला आधी जेवणच आठवतं. मग खुलासा केला, ताटातली नव्हे, पाण्यातली. आणि जिथे ती अजून भरपूर आहे तिथे जाऊन बघायची.

माझं माहेर मालवण. आमच्याकडे ती लहान असली की मोरी, मोठी झाली की मुशी आणि टीव्हीवर आली की शार्क. जनावर एकच. अंगात हाड नाही, नुसती कूर्चा, म्हणून तिच्या कालवणाला ‘मोरीचं मटण’ म्हणायची पद्धत पडली. भाजक्या खोबऱ्या-कांद्याचं वाटप, मालवणी मसाला, वरून दोन सोलं. पोरांना काट्याची काळजी न करता वाढता येतं. आणि बाळंतिणीला तर हवीच. माझ्या बाळंतपणात आईने मला ती इतक्या वेळा घातली की वासाने कंटाळा यायचा. पण मोरीने दूध येतं, यावर आमच्या आळीत कुणालाच शंका नव्हती. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुणी पुण्यात बसून मासे सोडा म्हणणारी बाई आहे असा गैरसमज व्हायला नको. मासे मी सोडलेले नाहीत. सोडणारही नाही.

आम्ही दोघं पन्नाशीला टेकताना तारकर्लीला स्कूबा शिकलो. तिथे एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे. नवऱ्याला तोवर पोहायलासुद्धा येत नव्हतं. एकोणपन्नासाव्या वर्षी तो पुण्याच्या तलावावर पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या बॅचला जायचा. त्यानंतर जमेल तसे पैसे साठवले आणि या फेब्रुवारीत मालदीवला गेलो. पाण्यावरच्या बंगल्यांचं ते रिसॉर्ट आपल्याला परवडत नाही. पण २००९ नंतर तिथे साध्या, वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस चालवायला परवानगी मिळाली, आणि तिथे आपल्यासारख्यांची सोय होते. मालेपासून वेगवान बोटीने दक्षिणेला, वावू नावाच्या बेटमालिकेत. सकाळी मशिदीची बांग, दुपारी ट्यूनाची आमटी, संध्याकाळी धक्क्यावर गप्पा मारणारे म्हातारे. सगळं मालवणसारखंच, फक्त पाणी स्वच्छ.

तिसऱ्या दिवशी मियारू कंडूला उतरलो. धिवेही भाषेत मियारू म्हणजे मुशी आणि कंडू म्हणजे प्रवाळाच्या भिंतीतलं खिंडार, जिथून समुद्राचं पाणी आत घुसतं. फेब्रुवारीत ईशान्येचे वारे असतात. पूर्वेकडच्या कंडूंमधून बाहेरचं निळं, नितळ पाणी जोराने आत येतं आणि मुशी त्या ओढीत तोंड करून राहतात. घार वाऱ्यावर पंख न हलवता राहते ना, अगदी तशा. आम्ही अठ्ठावीस मीटरवर खिंडाराच्या उंबऱ्यापाशी पोचलो, दोरीला लावलेला आकडा मेलेल्या खडकात अडकवला आणि पतंगासारखे मागे ओढले गेलो. कानात फक्त स्वतःच्या श्वासाचा आवाज. गाइडने तळहात उभा करून कपाळावर धरला. ती पाण्याखालची खूण: पाठीवरचा पर, म्हणजे मुशी.

आधी एक, मग चार, मग मोजणं संपलं. मी सतरा म्हणते, नवरा एकोणीस. करड्या पाठीच्या, पोटाकडे पांढऱ्या, शेपटीला काळी किनार. ग्रे रीफ शार्क. भीती वाटली का, असं आल्यावर सगळ्यांनी विचारलं. पहिलं अर्धं मिनिट वाटली. मग लक्षात आलं की आमच्याकडे कुणाचं लक्षच नाही. बँकेत काउंटरपलीकडचा माणूस जसा बघतो, तसं त्या आमच्याकडे बघत होत्या. शार्कने उगाच माणसावर हल्ला केल्याच्या घटना जगभरात मिळून वर्षाला साठ-सत्तरच्या आसपास नोंदल्या जातात आणि त्यांतले मृत्यू बहुतेक वर्षी हाताच्या बोटांवर मोजता येतात. आपल्याकडे एखाद्या मोठ्या शहरात भटकी कुत्री एका दिवसात त्याहून जास्त लोकांना चावतात.

त्यातली एक माझ्यापासून दोन हातांवरून गेली. सावकाश, म्हणून नीट दिसली. गालावर कल्ल्यांच्या पाच चिरा. डोळा मांजराचा असतो तसा उभ्या बाहुलीचा. ओठाच्या कोपऱ्यात गंजलेला गळ रुतलेला, दोरा तुटून गेलेला. आणि पोट दोन्ही अंगांनी फुगलेलं. वर आल्यावर गाइड म्हणाला, गाभण होती. ही जात साधारण वर्षभर पिल्लं पोटात वाढवते आणि एका वेळी एक ते सहा पिल्लांना जन्म देते. अंडी नाही घालत. आईच्या पोटात नाळेने जोडलेली असतात पिल्लं. मला पुण्यात सातव्या महिन्यात असलेली माझी लेक आठवली. बोटीत बसून टॉवेलने डोकं पुसताना मी हे नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “तिची हवा तरी माझ्याइतक्या लवकर संपत नसेल.” त्याची टाकी नेहमी माझ्याआधी रिकामी होते, आणि पाच मीटरवरच्या तीन मिनिटांच्या सक्तीच्या थांब्यावर मी त्याला माझ्या टाकीचा काटा मुद्दाम दाखवते. तीस वर्षांच्या संसारात असे छोटे सूड असायचेच.

बाकी पाहिलं ते किती सांगू. प्रवाळाच्या कपारीत तोंड उघडं-बंद करत बसलेली मोरे ईल. गरुडासारखे पंख हलवत, ठिपक्यांची शाल पांघरून गेलेली पाकटं. कासव इतकं निवांत की आमच्यासमोर प्रवाळावरचा स्पंज खात राहिलं. एका रात्री आलिमाथा बेटाच्या धक्क्यापाशी उतरलो, तिथे टॉर्चच्या उजेडात डझनावारी नर्स शार्क अंगावरून जातात. लोक त्याच्यावर खूश असतात. मला ते फारसं रुचलं नाही. धक्क्यावरून वर्षानुवर्षं माशांचे तुकडे टाकून लावलेली ती सवय आहे. देवळाबाहेरची माकडं आणि त्या मुशी यांच्यात मला फरक दिसला नाही.

पण मालदीवच्या लोकांनी एक काम केलं, ज्यासाठी त्यांना हात जोडावे लागतील. एकेकाळी तिथेही मुशी मारत. लाकडी होड्यांना तिच्या यकृताचं तेल लावत, पर सुकवून परदेशी पाठवत. १९९३ मध्ये अँडरसन आणि अहमद या दोन अभ्यासकांनी साधा हिशेब मांडला. आरी बेटमालिकेत ‘फिश हेड’ नावाची डायव्हिंगची जागा आहे. तिथली एक ग्रे रीफ शार्क मारली तर कोळ्याला एकदाच ३२ डॉलर मिळतात. तीच जिवंत राहिली तर तिला बघायला येणाऱ्यांकडून वर्षाला ३३,५०० डॉलर येतात. दर वर्षी. हा आकडा गाजला, आणि दोन वर्षांनी, १९९५ मध्ये, फिश हेडला संरक्षण मिळालं. पुढे टप्प्याटप्प्याने २०१० पर्यंत सगळ्या देशाच्या समुद्रात शार्क मारायला बंदी आली. ती सुखासुखी टिकलेली नाही. गळाला लागलेला ट्यूना मुशी खाऊन टाकते ही तिथल्या कोळ्यांची तक्रार खरीच आहे. २०२१ मध्ये बंदी उठवण्याची चर्चा निघाली आणि ओरड झाल्यावर सरकार मागे आलं. २०२५ मध्ये खोल पाण्यातल्या गल्पर शार्कचा विषय पुन्हा वर आला. म्हणजे एकदा वाचवलं की कायमचं वाचलं, असं तिथेही नाही.

मार्चमध्ये मी मालवणला आईकडे गेले. लेक बाळंतपणाला पुण्यात माझ्याकडे येणार होती. आई ब्याऐंशीची, मी निघताना तिने पिशवी हातात दिली. “चेडवाक मोरी घेवन जा. सुकी घी, बर्फातली घी, पण घी. दूध येवक होया.” पणतवंडाची आजी मी, पण यादी अजून आईच काढते.

बाजारात ओळखीच्या काकींचा ओटा आहे. सुरमई, बांगडे, थोडी कोळंबी आणि कडेला, वाटा लावलेल्या, मोऱ्या. दोन-दोनचा वाटा.

“कितक्याक, काकी?”

“तीनशाक दोन. घी गे बाय, ताजी आसत.”

एकीचं डोकं चपटं, दोन्ही बाजूंना हातोड्यासारखं पसरलेलं. लांबी माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. मालदीवला उत्तरेकडच्या रासधू बेटाजवळ हिची मोठी बहीण बघायला लोक पहाटे पाचला अंधारात उड्या मारतात. आम्हाला ती दिसली नाही. आणि इथे ओट्यावर, बर्फावर, तीनशेला दोन. मी उचलली आणि उताणी केली. दोन परांच्या मधोमध, पोटावर, एक बारीक चीर होती. कडा अजून नीट मिटलेल्या नव्हत्या. नाळ पडून फार दिवस झाले नव्हते.

मला ती चीर ओळखता आली ती मालदीवच्या गाइडने वर्ग घेतल्यासारखं समजावलं होतं म्हणून. हातोड्या डोक्याची मुशी जन्मते तेव्हाच हातभर असते, आणि मादी वयात येते तोवर माणसाहून लांब झालेली असते. मध्ये पुष्कळ वर्षं जातात. तिच्या अनेक जाती, त्यात आपल्या किनाऱ्यावर येणारी स्कॅलप्ड हॅमरहेडही आली, आता अतिसंकटग्रस्त यादीत आहेत. पण पोट उताणं करून बघण्याची अक्कल मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी आली. तोवर मी अशा किती खाल्ल्या असतील, त्याचा हिशेब नाही.

“इतकी बारकी कित्याक हाडतत?” मी विचारलं.

काकी हसल्या. “मोठी खंय गावतत आता? सासऱ्याच्या वेळार खांद्यार घालून हाडीत. आता जाळ्यात ह्येच. सोडून काय करतले, अर्धी मेलेलीच येतत.”

अर्धी मेलेली. म्हणजे अर्धी जिवंत. या अर्ध्यासाठी मी हा लेख लिहायला बसले आहे.

एक गोष्ट आधी प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर मालवणातलं कुणीही मला वेड्यात काढेल. ओट्यावरची प्रत्येक लहान मोरी पिल्लू नसते. टोकदार चपट्या नाकाची स्पेडनोज मुशी आपल्या किनाऱ्यावर पुष्कळ मिळते. ती पूर्ण वाढली तरी दोन-अडीच फुटांच्या पलीकडे जात नाही. त्यामुळे लहान दिसली की पाप, असं नाही. पण पसरट डोक्याची, किंवा परांच्या टोकांना काळी शाई लावल्यासारखी दिसणारी मुशी हातभरच असेल तर ती तान्ही आहे. आणि पोटावर चीर असेल तर प्रश्नच मिटला.

आपण शार्क म्हटलं की परांचा धंदा, चिनी सूप, समुद्रात फेकलेली धडं, हे सगळं कुठेतरी दूर चालतं असं समजतो. भारतातून शार्कच्या परांच्या निर्यातीवर २०१५ मध्ये बंदी आली. जगभर असे कायदे झाले. तरीही २०१२ ते २०१९ या काळात मासेमारीत मरणाऱ्या शार्कचा अंदाज वर्षाला ७ कोटी ६० लाखांवरून सुमारे ८ कोटींवर गेला. कारण पर कापणं थांबलं, तरी अख्खी मुशी किनाऱ्यावर आणून मांस विकणं थांबलं नाही. ते मांस कोण खातं? आपण. उघड्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली आहे. त्यांच्या एकूण जातींपैकी एक तृतीयांशाहून अधिक जाती नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत. बांगडा, तारली एका हंगामात लाखोंनी अंडी सोडतात आणि वर्षभरात वयात येतात. त्यांचं नुकसान चांगल्या पावसाळ्यात भरून निघू शकतं. जी आई वर्षभर पोटात वाढवून चार पिल्लं देते तिचं भरून निघत नाही. मुशी तर बाईमाणसासारखी बाळंत होते, आणि आपण तिला बोंबलाच्या हिशेबाने पकडतो.

आता बाळंतिणीच्या दुधाचं. ही समजूत आपल्यापुरती नाही. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही बाळंतिणीला लहान शार्क घालतात. मला आईच्या मायेवर शंका घ्यायची नाही. पण मुशी समुद्रातल्या उतरंडीत वर बसते, लहान मासे खाऊन मोठी होते, आणि खालच्या सगळ्यांच्या अंगातला पारा तिच्या अंगात साठत जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी टाळायच्या माशांच्या यादीत शार्कचं नाव घातलेलं आहे. जी गोष्ट आपण खास लेकीसाठी, खास नातवासाठी राखून ठेवतो, तीच डॉक्टर टाळा म्हणतात. दूध वाढवायला प्रथिनं लागतात. ती मांदेलीत आहेत, बांगड्यात आहेत, तारलीत आहेत, आणि शाकाहारी घरांत हजारो वर्षं डाळीतही होती.

मी आईला हे फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मगे पेडवे घाल.” पेडवे म्हणजे तारली. वाद संपला. ब्याऐंशी वर्षांची बाई एका वाक्यात बदलली. बाकीच्यांना काय अडचण आहे?

कोळ्यांवर दोष ढकलून मोकळं होणं फार सोपं आहे, आणि शहरातल्या निसर्गप्रेमींना ते आवडतंही. मी तसं करणार नाही. रापण ओढणाऱ्या किंवा लहान होडीतून जाळं टाकणाऱ्या माणसाने मुशीवर नेम धरलेला नसतो. ती जाळ्यात येते. त्याचं जाळं मुशीने फाडलं तर खर्च त्याचाच. ट्रॉलर तळ खरवडून नेतात. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे, आणि तरीही लहान कोळी तिच्याविरुद्ध मोर्चे काढत आला आहे. त्याला जाऊन ‘पिल्लं सोड’ सांगायचं असेल, तर त्याच्या खिशाची व्यवस्था लावल्याशिवाय सांगू नये. मालदीवच्या त्या ३३,५०० डॉलरमध्ये मला हीच एक खोट दिसते: पैसे येतात ते गेस्टहाउसवाल्याकडे, डायव्ह सेंटरवाल्याकडे, माझ्यासारखीकडून, मुशी सोडणाऱ्या माणसाकडे त्यातले किती जातात?

आपल्याकडे निदान याची सुरुवात झालेली आहे, आणि ती फारशी कुणाला ठाऊक नाही. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात व्हेल शार्क, कासव, डॉल्फिनसारखा संरक्षित जीव जाळं कापून सोडला तर कोळ्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. गुजरातने तर याच्याही आधी एक सुंदर गोष्ट केली. तिथे सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क शेकड्यांनी मारत. माइक पांडे यांनी ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ नावाच्या माहितीपटात ते दाखवलं, २००१ मध्ये व्हेल शार्कला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण मिळालं. पण कायद्याने किनाऱ्यावर काही हललं नाही. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने मोहीम काढली आणि मोरारी बापू लोकांना म्हणाले, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असं नाव पडलं तिला. माहेरवाशिणीला कोण मारणार? तेव्हापासून तिथल्या कोळ्यांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हाली सोडल्या आहेत.

मग आमच्या किनाऱ्यावर बाळंत व्हायला आलेली हातोड्या डोक्याची मुशी कुणाची लेक?

मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचं. जाहीर करताना तिथल्या कोळ्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यामुळे ते आजही बहुतांशी कागदावर आहे. मी शाळेत असताना किल्ल्याच्या बोटीतून खाली प्रवाळ दिसायचं, ते आता त्याच जागी शोधावं लागतं. त्या प्रवाळावर आता आपणच नाचतो. तारकर्लीला शिकण्याच्याही आधी आम्ही दोघांनी तिथे ते पर्यटकी स्कूबा केलं होतं. एका माणसाने मला मानेला धरून खाली नेलं, प्रवाळाच्या गड्ड्यावर उभं केलं, माझ्या तोंडाभोवती बिस्किटाचा चुरा सोडला, मासे जमले, फोटो निघाला, वर. अडीच मिनिटं. पायाखाली काहीतरी कुरकुरलं ते काय होतं, हे मला शिकल्यानंतर कळलं. ज्याला कोरल म्हणतो तो जिवंत प्राणी आहे. काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. त्या अडीच मिनिटांत मी किती वर्षं मोडली?

निवतीजवळ समुद्रतळाशी बुडवून तिच्यावर प्रवाळ वाढवायचं, म्हणून नौदलाची निवृत्त नौका ‘गुलदार’ २०२५ मध्ये एमटीडीसीच्या ताब्यात आली. कल्पना चांगली आहे, होऊ दे. पण लोखंडावर नवं प्रवाळ यायची वाट बघताना दगडावरचं जुनं बिस्किटाने आणि नांगराने मरू देणं, याला काय म्हणायचं? आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. समुद्रात बुडालेलं पठार, माथा वीस-पंचवीस मीटर खोल, त्यावर प्रवाळ, त्यावर मासे, त्यांच्यावर मुशी. जमिनीपासून इतकं दूर की राज्याच्या हद्दीबाहेर पडतं. २०२० मध्ये राज्य सरकारने ते केंद्राच्या कायद्याखाली राखीव करून घ्यायचं ठरवलं. कान्होजींच्या नावाने पुतळे उभारायला आपल्याकडे नेहमी पैसे असतात. या पठारासाठी फक्त पाठपुरावा हवा आहे.

तेव्हा माझं मागणं असं. आमदार-खासदार कोकणातला असो वा पुण्या-मुंबईचा, त्याला आंग्रियाचं काय झालं हे विचारा. दर अधिवेशनात कुणी एकाने जरी विचारलं तरी फाइल धूळ खात नाही. जाळं कापणाऱ्याला जी भरपाई मिळते ती मुशीची जिवंत पिल्लं सोडणाऱ्यालाही मिळावी, आणि ती महिनाभरात हातात पडावी, नाहीतर पुढच्या वेळी कुणी सोडणार नाही. मालवणला स्कूबाला गेलात तर बोटवाल्याला आधीच सांगा, नांगर खडकावर नको, बिस्किटं नकोत, मला कुठेही उभं करू नका. तुम्ही मागाल तेच ते विकतील, कारण धंदा त्यांचाही आहे आणि पोरं त्यांनाही आहेत. ज्या बोटवाल्याने ऐकलं त्याला शंभर रुपये जास्त द्या आणि त्याचं नाव चार जणांना सांगा. हॉटेलात ‘मोरी मसाला’ दिसला तर मागवू नका, आणि का नको ते वाढणाऱ्या मुलाला हळू आवाजात सांगा. तो आत जाऊन सांगतो, मी पाहिलं आहे. घरात बाळंतीण असेल तर तिच्या आजीशी बोला. डॉक्टरांशी नंतर. आजी पटली की सगळं पटतं.

आम्ही दोघं दिवाळीनंतर पुन्हा मालवणला उतरणार आहोत. तिथले जुने पाणबुडे सांगतात की एखादी मोठी मुशी अजून कधीतरी दिसते. नवऱ्याने टाकीतली हवा पुरवायचं कबूल केलं आहे.

माझ्या नातवाला दूध व्यवस्थित मिळालं, पेडव्यांवर. त्या दिवशी काकींच्या ओट्यावरून मी बांगडे घेतले आणि मोरी होती तिथे ठेवली. ती दुपारपर्यंत विकली गेली असणार, त्यामुळे एकटीने ठेवून भागत नाही. पुढच्या वेळी बाजारात हातभर मोरी दिसली तर भाव विचारण्याआधी तिला उताणी करा, दोन परांच्या मधे बोट फिरवून बघा, आणि मग ठरवा.